हळू चालण्याची वही

भाऊजींची ट्रंक उघडायला ताईला वर्ष लागलं. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि सकाळी चहा पिता पिता ती मला म्हणाली, की आता ती ट्रंक रिकामी करूनच टाकू, पण माझा काही हात लागत नाही त्याला, तू लाव. धाकट्या बहिणींना असल्याच कामासाठी जन्माला घालतात. मी पंचाहत्तरीला आले तरी ताईच्या नेहरू नगरच्या ह्या घरात माझा हुद्दा तोच आहे. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि कडी उघडली.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास, दोन लोकरी बनियन, रेल्वेचा काळवंडलेला पितळी बिल्ला, आणि सगळ्याच्या तळाशी ती वही. निळा पुठ्ठा, कडेला लाल कापडाची पट्टी. ती पाहिली आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. भाचसून स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मावशी रडतेय. पहिल्याच पानावर भाऊजींच्या रेखीव अक्षरात मथळा होता, 'सावकाश चालणे : इंग्रजी शब्द'. त्याखाली रांगेनं स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, रॅम्बल, मिअँडर, आणि प्रत्येकासमोर मराठीत खुलासा. स्ट्रोलपुढे लिहिलं होतं, 'जेवणानंतर, हात मागे बांधून'. सॉन्टरपुढे, 'आपल्याला कोणी पाहत आहे हे माहीत असताना'. लॉयटरपुढे लाल शाईत, 'रेल्वेच्या हद्दीत करू नये'.

भाचसुनेला काही ते उमगलं नाही. तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. दिवसाची ठरलेली पावलं भरली नाहीत तर ती गॅलरीत येरझारा घालून भरते. तिचं म्हणणं, चालणं ते चालणं, त्याला इतके शब्द कशाला. मी म्हटलं, बाई गं, ही वही नसती तर तुझा नवराच जन्माला आला नसता. ती पदर खोचून समोर बसली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

इथला पोलादाचा कारखाना अजून उभा राहायचा होता, तेव्हाची गोष्ट. भट्ट्यांची नुसती हाडं उभी होती. कामगारांच्या सेक्टरात घरं आधी झाली आणि माणसं नंतर आली. रस्ते असे रुंद आणि सरळ, की एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची सायकल मोजावी. झाडं म्हणाल तर विटांच्या जाळीत बसवलेल्या काड्या. नव्या चुन्याचा वास, तापलेल्या डांबराचा वास, आणि दारं कितीही लावा, भाकरीत कचकच करणारी ती लाल धूळ. मला आजही कुठे नव्या बांधकामाचा ओला चुना हुंगायला मिळाला की मी अकरा वर्षांची होते.

आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. आमच्या गावात कोणी चालायला म्हणून बाहेर पडत नसे. माणूस पाण्याला जातो, बांधीवर म्हणजे धानाच्या शेतावर जातो, बैल सोडायला जातो. नुसतं जाणं ही गोष्टच आम्हाला ठाऊक नव्हती. इथे आलो तर समोरच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी कारखाना उभारायला आलेलं एक रशियन जोडपं जायचं. त्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. हातात थैली नाही, कडेवर लेकरू नाही. आईनं तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी तिला राहवेना. 'बिचाऱ्यायचं काईतरी हरवलं वाटते,' ती म्हणाली, आणि मला शोधू लागायला पाठवलं. मी मान खाली घालून त्यांच्यामागे सगळा रस्ता पालथा घातला. शेवटी त्या मडमेनं माझ्या हातावर एक आंबट गोळी ठेवली. आईनं अर्थ काढला, की वस्तू सापडली, म्हणून खुशीनं पोरीला खाऊ दिला.

आमच्या घरात हळू चालणारे एकच, बाबा, आणि त्यांना त्याचा पगार मिळायचा. बाबा झंडीवाले होते. रेल्वेतून उतरलेलं अवजड सामान भट्टीपर्यंत मोठ्या ट्रेलरवरून न्यायचे, त्या ट्रेलरच्या पुढे लाल झंडी घेऊन चालायचं हे त्यांचं काम. ट्रेलर रिकामा असला की एक चाल, भट्टीचे पत्रे असले की दुसरी, आणि ट्रान्सफॉर्मर असला की तिसरी. त्या तिसऱ्या चालीत बाबा खरंच पुढे जातायत का, हे बाजूचा विजेचा खांब किती मागे पडला त्यावरून कळायचं. त्यांचा एक नियम होता, मागे पाहायचं नाही. मागचं तळपायाला कळलं पाहिजे म्हणायचे. ही चाल त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की शिफ्ट सुटल्यावर बाकीचे जेवून पान खाईस्तोवर आमचे बाबा गल्लीच्या तोंडाशी दिसायचे. त्यांच्यासोबत पावर हाउस म्हणतात त्या भागातल्या बाजाराला गेलं की भाजीच्या नावानं देठ तेवढे उरलेले असत.

आणि ताई म्हणजे ह्याच्या अगदी उलट. ताई चालायची नाही, ताई पोहोचायची. डोक्यावर पाण्याचा गुंड, काखेत दुसरा, आणि बांधीच्या निसरड्या धुऱ्यावर, शेताच्या त्या अरुंद बांधावर, लहानपणापासून कमावलेला तो झपाटा. नळावरच्या बाया तिला वाट देत. वय एकोणीस, आणि दोन स्थळं परत गेलेली. पहिल्यांना रंग नडला. दुसऱ्यांनी तिला पाणी आणताना पाहिलं आणि निरोप धाडला, की पोरगी फार तडक चालते, अशी पोरगी घरात टिकत नाही. आईनं तो निरोप मनाला लावून घेतला. तेव्हापासून ताई उंबऱ्याबाहेर पडली की आई दारातून ओरडायची, हळू वं, हळू. ताई तोवर कोपरा ओलांडून गेलेली असायची.

अशात मनोहररावांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, स्थळ आलं. मूळचे नागपूरकडचे, रेल्वेतलं घराणं, दुर्गला मालधक्क्यावर क्लार्क. सोबत त्यांची आत्या होती. दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आली मंडळी, बाबा घरी पोहोचले तेव्हा नवरदेव खुर्चीत बसून दुसऱ्यांदा पोहे खात होते. रंग, शिक्षण, स्वयंपाक, आत्याबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग मनोहररावांनी थेट ताईला विचारलं, की तुम्हाला फिरायला आवडतं का. आईच्या हातातला तांब्या कलंडला. आमच्याकडे फिरणं हे काम गावावरून ओवाळून टाकलेली माणसं करत. ताई म्हणाली, कुठं जायचं असलं तर जाते. त्यावर ते हसले आणि म्हणाले, की हो-नाही सांगण्याआधी आपण चार संध्याकाळी सोबत फिरू, घरच्यांनीही यावं, आणि मग मुलीनं काय ते सांगावं. आत्याबाईंनी भाच्याकडे असं काही पाहिलं, की माझ्या घशात शेंगदाणा अडकला.

बाबा लगेच हो म्हणाले. सोयरिकीच्या बोलण्यात आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळणारा विषय निघाला होता. निघताना मनोहररावांनी ताईसाठी ही वही ठेवली. इंग्रजीचा नाद होता त्यांना, म्हणाले, ह्यातलं कोणतं फिरणं आवडेल ते पाहून ठेवा. आत्याबाईंनी मग आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं, तुमचे देव दाखवा म्हणून. नमस्कार करून बाहेर आलो तर मनोहरराव रिक्षात बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी नळावर ताईनं गुंड खाली ठेवला आणि मला म्हणाली, 'मले हा पायजे.' मी विचारलं, कावून, हाच का. ती म्हणाली, 'त्यानं मले इचारलं. आतापर्यंत सारे नुसते पाहून गेले.' माझी ताई कधी काही मागत नसे, दिवाळीला लुगडंही आई देईल ते. तिच्या तोंडून हे ऐकलं खरं, पण हे स्थळही तिच्या त्या चालण्यापायी जाणार हे मला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं.

ते आईलाही दिसत होतं. म्हणून बाबांची शिकवणी लागली. गल्लीत, शेजारच्या बायका भांडी घासायची थांबवून बघतायत, आणि बाबा पुढे, ताई मागे, मी वही घेऊन कडेला. मी शब्द वाचायचा, खुलासा वाचायचा, बाबांनी क्षणभर डोळे मिटायचे आणि आपल्या कोठारातली चाल काढायची. स्ट्रोल म्हणजे रिकामा ट्रेलर. अँबल म्हणजे पत्र्यांचा, पण रस्ता चांगला असताना. मिअँडरचा खुलासा 'नदीप्रमाणे वळत' असा होता, तो बाबांना बिलकूल पटला नाही, अशानं माल पडेल म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द रद्द केला. ताईला तीन पावलं जमायची. चौथ्याला ती बाबांच्या टाचेवर पाय द्यायची. आठवड्यात बाबांच्या दोन्ही टाचा सोलवटल्या.  रोज कामावरून यायचे, टाचांना खोबरेल लावायचे आणि पुन्हा गल्लीत उभे राहायचे. शेवटी ताई रडकुंडीला येऊन शिकली. दात ओठ खाऊन हळू चालणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

पहिल्या संध्याकाळी आमची वरात निघाली ती अशी. सगळ्यांत पुढे बाबा, कारण मागे चालायची त्यांना सवयच नव्हती. मग दोन हात अंतर ठेवून मनोहरराव आणि ताई. मग मी. शेवटी आई, हातात घासलेटचा रिकामा डबा घेऊन. काही कामाशिवाय रस्त्यानं जाताना लोक काय म्हणतील, म्हणून तिनं तो घेतला होता. झालं काय, की डबा पाहून पहिल्या चौकात एका बाईनं विचारलं, घासलेट कुठं मिळून राहिलं. आई गडबडली, पुढं, म्हणाली. परतताना वळून पाहिलं तर आमच्यामागे सहा बाया डबे घेऊन चालत होत्या. दुसऱ्या दिवशी आईनं डबा घरी ठेवला आणि रिकामे हात कुठे ठेवावे हे न कळून पदराला गाठी मारत आली.

मनोहरराव आमच्या आधीच कोपऱ्यावरच्या खांबाला टेकून उभे असायचे. निघालो की सांगायचे, आता हा स्ट्रोल. थोड्या वेळानं, आता सॉन्टर. आम्हाला दोन्हींत काडीचा फरक कळायचा नाही, पण बाबा पुढून मान हलवायचे. मनोहररावांच्या अंगाला कसल्याशा साबणाचा वास यायचा, आणि ते बोलायचे असं, की ऐकण्याच्या नादात ताई दात ओठ खायचं विसरायला लागली. कोणत्या गावाहून कोणता माल येतो, आंब्याच्या पेट्यांचा डबा कसा लांबूनच ओळखू येतो, असलं काहीबाही. दुसऱ्या संध्याकाळी ती एकदा मोठ्यानं हसली. बाबांचं पाऊल तेवढ्यापुरतं चुकलं.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही कारखान्याकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. बाबा अर्धा रस्ता ओलांडून गेले, ही दोघं नुकती रस्त्यात उतरली, आणि भोंगा झाला. शिफ्ट सुटली. ज्यानं ते पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. सगळा रस्ता भरून सायकली, घंट्या, डबे खणखणतायत, घरी जायची भूक लागलेली माणसं, आणि तो लोंढा थेट आमच्या अंगावर. आई मला धरून मागे पळाली. ताई सवयीनं सुटली आणि क्षणात पलीकडे. मनोहररावांनीही धाव घेतली. तेव्हा त्यांचा डावा पाय त्यांच्यासोबत आला नाही. तो मागून ओढत आला, चप्पल सुटून रस्त्यात पडली, आणि ते तिथेच मधोमध उभे राहिले.

बाबांनी मागे वळून पाहिलं. मग ते रस्त्याच्या मध्ये आले, लोंढ्याकडे तोंड केलं आणि एक हात वर केला. हातात झंडी नव्हती. पण त्या माणसांनी हा हात रोज पाहिलेला. पुढच्यांनी ब्रेक दाबले, मागचे त्यांच्यावर आदळले, शिव्यांचा एक फेरा झाला आणि सगळी शिफ्ट पाय टेकून उभी राहिली. पुढच्या एकानं विचारलं, 'काका, क्या आ रहा है? ट्रेलर?'

'घर का है,' बाबा म्हणाले. 'आराम से आएगा.'

ताई परत आली. तिनं चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि मनोहररावांच्या पायापुढे ठेवली. मग ती त्यांच्या बाजूला उभी राहून चालायला लागली, त्यांच्या पावलाला पाऊल लावून. इतकी सायकलवाली माणसं बघत होती, एकानं घंटी वाजवली नाही. बाबांचा हात तसाच वर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ट्रान्सफॉर्मर जायला लागतो तेवढा वेळ लागला तो रस्ता ओलांडायला.

पलीकडे पोहोचल्यावर मनोहररावांचे कान लाल झाले होते. लहानपणी ताप आला त्यात तो पाय गेला, म्हणाले. पोटरी वाळली. आत्याबाईंचं म्हणणं होतं लग्न झाल्यावर सांगू, म्हणून आधी येऊन बसायचं, कोणी बघत नसताना उठायचं, असे सगळे बेत. 'मले ते करायचं नव्हतं,' ते बाबांना म्हणाले. 'तोंडानं सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून फिरू म्हटलं. वाटलं, चालताना दिसेल तुमाले आपोआप. पण तुमी सारे घरचे एवढे हळू चालता, का दिसलंच नाई.'

बाबा आपल्या सोललेल्या टाचांकडे पाहत राहिले.

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. फसवलं म्हणाली, आत्याबाईला देव दाखवले म्हणून देवांचीही तिनं हजेरी घेतली. एवढी धडधाकट पोरगी, आणि लोक काय म्हणतील. बाबांनी शांतपणे सांगितलं, की सगळ्या शिफ्टनं पाहिलंय, आता लोकांना सांगायचं काही राहिलं नाही, पोरीला विचारा. ताई चुलीपाशी बसली होती. भाकरी उलटवत म्हणाली, 'तारीख काढा.' आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली आणि रुखवताच्या तयारीला लागली. लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजींनी घाई चालवली, मुहूर्त टळेल म्हणून. बाबा उठून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, आणि मुहूर्त थांबला.

पुढे मग किती संध्याकाळी गेल्या त्यांच्या. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरपासून स्टेशनच्या कुंपणापर्यंत आणि परत, रोज. भाऊजी निघताना त्या दिवसाचा शब्द सांगायचे आणि ताई म्हणायची, चला, कोणताही असो. मी सुट्टीला गेले की मलाही न्यायचे, आणि मी कंटाळून पुढे निघून जायची. आता वाटतं, कशाला गेले.

आज संध्याकाळी ताई म्हणाली, चल, जाऊन येऊ. आम्ही दोघी घरासमोरच्या गल्लीत उतरलो. तिचे गुडघे गेलेत, माझेही जायच्या वाटेवर. शेजारून एक पोरगी कानात काहीतरी खुपसून पळत गेली. मी ताईला एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, की त्या दिवशी रस्त्यात तू परत का आली. दया आली का.

'दया कायची?' ती म्हणाली. 'मी पलीकडून पायलं. रस्त्याच्या काठानं कितीक बाया घरी चालल्या होत्या, साऱ्या नवऱ्याच्या मागं दहा पावलं. आपली आई बी तशीच. म्हटलं, हा माणूस मले मागं टाकून कधी जाणार नाई. भांडण झालं तरी तो बाजूलेच राहीन.'

राहिले की भाऊजी, मी म्हटलं. साठाच्या वर वर्षं राहिले.

 आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. गेल्या वर्षी एका दुपारी भाऊजींनी चहा मागितला होता, आणि ती कप घेऊन येईपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही, एका क्षणात गेले. तेव्हा सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. ताईनं मात्र तो कप कोणाला उचलू दिला नव्हता.

कोपऱ्यावर तिनं माझा हात धरला आणि वळली.

'जन्मभरात एकदाच घाई केली त्यानं,' ती म्हणाली, 'आन् तीबी मले न सांगता.'